कुळांची वही

आमच्या घरात ‘दंगा’ म्हटलं की एकच दंगा, १८७५ सालचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सासवडच्या वाड्यात अंगणात अंथरुणं पडली, की आत्या ती गोष्ट सांगायची. सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकानं फोडली, वह्या जाळल्या, गावोगाव लोण पसरलं. पण आमच्या खापरपणजोबांच्या दाराला कुणी हात लावला नाही. “देवमाणूस होता रे. कुळांनीच त्याला सांभाळलं,” हे तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे.

दुसरी गोष्ट वडिलांची. ती सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. बापजाद्यांनी मिळवलेली जमीन कूळकायद्यात गेली ती गोष्ट. १९५७ साली एका कागदाच्या फटक्यासरशी बारा एकर रान कुळांच्या नावावर चढलं. वडिलांना त्या रानातलं बांधावरचं एक बोराचं झाड शेवटपर्यंत आठवत होतं.

या दोन गोष्टींच्या मधली ऐंशीएक वर्षं घरात कुणाला ठाऊक नव्हती. खापरपणजोबा सावकार होते, सासवडच्या पेठेत त्यांची लहानशी पेढी होती, एवढंच. मी स्वतः चौतीस वर्षं बँकेत काढली. कर्जाचे प्रस्ताव लिहिले, थकबाकीदारांच्या घरी जाऊन बसलो, तारण उतरवून घेतलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, आपल्या घरातला हा पहिला बँकर नेमकं करत काय होता, ते एकदा नीट पाहावं.

सुरुवात कुलवृत्तान्तापासून केली. महाराष्ट्रात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले आहेत. आमच्याही घराण्याचा आहे. त्यात खापरपणजोबांच्या वाट्याला दीड ओळ आलेली. नाव, ‘सासवड येथे सावकारी’, तीन मुलगे. आईचं नाव नाही, बायकोचं नाव नाही, मुलींची संख्यासुद्धा नाही. वृत्तान्त लिहिणाऱ्यांनी कष्ट घेतले होते, पण त्यांना पत्रानं जे कळवलं गेलं तेच त्यांनी छापलं.

मग नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या गावानुसार आणि आडनावानुसार लावलेल्या असतात. गुरुजींनी मूळ गाव विचारलं, उपनाव विचारलं, आणि अर्ध्या तासात एक जाड वही माझ्यापुढे उघडली. आलेला यजमान आपल्या हातानं नोंद लिहितो ही तिथली रीत. शके १७९९ ची नोंद खापरपणजोबांच्या हातची होती. ते आईच्या अस्थी घेऊन आले होते, म्हणून आईचं नाव त्यात होतं. तिच्या सासूचंही होतं. कुलवृत्तान्तानं गाळलेल्या दोन बायका तिथं दीडशे वर्षं नीट जपलेल्या होत्या. आता त्या आमच्या घरच्या वंशावळीत लिहिल्या आहेत.

*

खरा ऐवज मात्र घरातच होता. वाडा पाडायचा ठरला तेव्हा माळ्यावर लाल खारव्यात बांधलेलं एक बाड निघालं. दोन वह्या, आणि दोऱ्यात ओवलेले काही सुटे कागद. सगळं मोडीत. चुलतभावानं ते रद्दीच्या ढिगावर ठेवलंही होतं. मला मोडी येत नव्हती. पुण्यात वर्ग लावला, वर्षभर गिरवलं, आणि तरीही पहिलं पान लावायला तीन आठवडे लागले. मोडी बोरू न उचलता लिहायची लिपी आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती पाळत नाही, आणि घाईनं लिहिणारा सावकार तर शब्दही पुरा करत नाही. वर्गात शिकवणारे सर म्हणाले होते, “आधी माणसाचा हात ओळखा, मग अक्षर आपोआप कळतं.” नाशिकची नोंद उपयोगी पडली ती इथं. तिथलं वळण आणि वहीतलं वळण एकच होतं. वही मुनिमानं नव्हे, खुद्द खापरपणजोबांनी लिहिलेली होती.

एक वही रोजकीर्द, दुसरी खतावणी. दोन्ही सुरू होतात त्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. आपल्याकडे शक पालटतो चैत्रात, पण पेढीचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उघडतं. लक्ष्मीपूजनाला जी वही पूजली जाते, तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढून दुसऱ्या दिवसापासून जमा आणि नावे सुरू. रोजकिर्दीत दिवसाचा सगळा व्यवहार येईल त्या क्रमानं टिपलेला असतो. खतावणीत तोच व्यवहार माणसागणिक वेगळा काढलेला असतो. म्हणजे रोजकीर्द ही सावकाराची दिनचर्या, आणि खतावणी ही त्याच्या कुळांची.

सुटे कागद हुंड्यांचे निघाले. पुण्याच्या पेढ्यांवर काढलेल्या, रक्कम चुकती होऊन परत आलेल्या. अशा फिटलेल्या हुंडीला खोखा म्हणत. हुंडीत रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि शिवाय तिची निमपट सांगून ‘याची दुप्पट’ असं लिहायचं. पाचशे असतील तर ‘निमे अडीचशे, याची दुप्पट’. कुणी आकड्यापुढे शून्य वाढवलं तर निमपट त्याला पकडते. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’ निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. दिवेघाट उतरून पुण्याला रोकड नेण्यापेक्षा हा कागद नेणं सुरक्षित होतं, आणि त्या कागदाची हुंडणावळ हे पेढीचं उत्पन्न.

सराफीतला बट्टा मात्र या वहीत जवळपास नाही. खापरपणजोबांच्या वडिलांच्या काळी चांदवडी, अंकुशी, सुरती अशा नाना रुपयांची पारख आणि अदलाबदल हाच मोठा धंदा होता. १८३५ मध्ये कंपनीनं एकाच वजनाचा रुपया सगळीकडे चालू केला आणि ते उत्पन्न हळूहळू आटलं. पुढं १८८० मध्ये पोस्टाची मनिऑर्डर आली, १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक. गावच्या पेढीच्या हातात राहिलं ते एकच काम, शेतकऱ्याला कर्ज देणं. मला वाटतं, आपल्या आठवणीतला ‘सावकार’ या एका कामातून घडला आहे. त्याआधीचा, पैसा इकडून तिकडे नेणारा सावकार आपण विसरून गेलो.

खतावणीत एक खातं खापरपणजोबांच्या आईचं आहे. तिची तीनशे रुपयांची ठेव पेढीत होती, दरमहा दरशेकडा आठ आणे व्याजानं. मुलगा आईकडून आठ आण्यांनी घेत होता आणि कुळांना दोन रुपयांनी देत होता. बँकेत आम्ही ज्याला व्याजाची तफावत म्हणायचो, ती ही.

*

एका खात्यापाशी मी थांबलो. गेली काही वर्षं जवळपास तिथंच थांबलो आहे, असं म्हटलं तरी चालेल. खातेदाराचं नाव देत नाही, कारण त्याचे वारस त्याच गावात नांदत आहेत. पुरंदर तालुक्यातलंच एक कोरडवाहू गाव.

शके १७८६, म्हणजे १८६४. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव होता, पैसा खेळत होता, सावकार हात सैल सोडत होते. या कुळानं साठ रुपये घेतले. कारण लिहिलं आहे, ‘बैल व सरकारपट्टी’. दर दरमहा दरशेकडा दोन रुपये. जी काही फेड होई ती आधी व्याजात वळती व्हायची. तीन वर्षांत व्याज झालं त्रेचाळीस रुपये तीन आणे. कुळानं रोख आणि ज्वारी मिळून अठ्ठावीस रुपये भरले. बाकी पंच्याहत्तर रुपये तीन आणे. त्यात कागदखर्च आणि मनोती, म्हणजे कर्जावरची वरकड, धरून शके १७८९ मध्ये नवं खत झालं ऐंशीचं. पुढच्या तीन वर्षांत व्याज साडेसत्तावन्नच्या वर, भरणा बावीस. शके १७९२ मध्ये नवं खत एकशेवीसचं. आणखी तीन वर्षं. व्याज शहाऐंशी रुपये सहा आणे, भरणा सोळा. शके १७९५ मध्ये बाकी एकशे नव्वद रुपये सहा आणे.

घेतले साठ, नऊ वर्षांत फेडले सहासष्ट, आणि देणं एकशे नव्वद.

हे पान मी पहिल्यांदा लावलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी पुन्हापुन्हा बेरीज करत होतो. बेरीज बरोबर होती. खापरपणजोबांनी एक पैसाही खोटा लिहिलेला नाही. आपल्या जुन्या व्यवहारात दामदुप्पट नावाचा आडसर होता. व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नसे. इथं तो मोडलेलाही नाही. त्रेचाळीस हे साठाच्या आत, सत्तावन्न हे ऐंशीच्या आत, शहाऐंशी हे एकशेवीसच्या आत. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसतं, आणि दामदुप्पट पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

तीनच वर्षं का, याचं उत्तर वहीत नाही, कायद्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या, न नोंदवलेल्या खतावर दावा लावायला तीन वर्षं ठेवली. कर्जदाराला जुन्या देण्याच्या ओझ्यातून सोडवावं हा त्यामागचा हेतू. झालं उलटं. मुदत संपायच्या आत सावकार कुळाला नवं खत लिहायला लावू लागले. सासवडच्या माझ्या पूर्वजाला हा कायदा कुणी समजावला असेल, हा प्रश्नच नाही. वहीतल्या तारखा सांगतात की त्यानं तो पक्का समजून घेतला होता.

आणि ‘सरकारपट्टी’. हा शब्द खतावणीत जिकडेतिकडे आहे. शेतसाऱ्याच्या हप्त्याचे महिने आले की पानं भरतात. सारा रोख रकमेत भरायचा, ठरल्या तारखेला, पीक आलं असो वा नसो. युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापूस कोसळला, आणि १८६७ मध्ये इंदापुरापासून पुणे जिल्ह्यात नवी वाढीव आकारणी सुरू झाली. कुळाच्या घरातून निघालेला रुपया सरकारात जायचा आणि त्याची नोंद आमच्या वहीत नावे पडायची. सरकारची वसुली खापरपणजोबांच्या पेढीवरून होत होती, असं म्हणायला हरकत नाही.

शके १७९५ मध्ये एकशे नव्वदांच्या बदली सहा एकरांचं मुदत-खरेदीखत झालं. पाच वर्षांत पैसे फेडले तर जमीन परत, नाही तर कायमची खरेदी. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा दस्त नोंदवणं तोवर सक्तीचं झालं होतं, म्हणून हा दस्त सरकारी नोंदणीच्या पुस्तकातही उतरला. त्याची नक्कल मिळवली. सर्व्हे नंबर, चतु:सीमा, आणि शेवटी कुळाच्या सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’. शेजारी बोरूनं काढलेला एक छोटासा नांगर.

*

आता दंग्याकडे येतो.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी तो पेटला. सासवडहून जेजुरी आणि मोरगाव ओलांडलं की सुपे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे म्हणतात त्यातलं. धग आधीपासून होती. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात १८७४ च्या अखेरीस दीडशे रुपयांच्या एका हुकूमनाम्यावरून गावानं सावकारांवर बहिष्कार घातला होता. सुप्यानंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांतली गावामागून गावं उठली. सरकारी हिशेबानं ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. लोकांना हवे होते ते कागद. खतं आणि हुकूमनामे निमूट हवाली केले तिथं बहुतेक वेळा पुढं काही झालं नाही. माणसांना इजाही फारशी झाली नाही. आपलं देणं कुठं राहतं हे त्या निरक्षर माणसांना अचूक माहीत होतं. ते वहीत राहत होतं.

सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ चा. आज तो कुणालाही वाचता येतो. त्यात मी आमचं घर शोधत होतो. आमचं नाव नव्हतं, पण आमच्याबद्दलचं एक निरीक्षण होतं. दंग्याचा रोख जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. ज्या गावांत ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही तोच धंदा करत होते, तिथंही बहुधा पहिल्यांनाच झळ बसली, असं आयोगानं नोंदवलं आहे.

आम्ही देशस्थ ब्राह्मण. आत्याची गोष्ट मी मनातल्या मनात पुन्हा ऐकली. खापरपणजोबांच्या दाराला कुणी हात लावला नाही हे खरं असणार. पण त्यासाठी ते देवमाणूस असण्याची गरज नव्हती. त्यांचा व्याजाचा दर परगावाहून आलेल्या सावकाराच्या दरापेक्षा हलका होता, असं वहीत कुठंही दिसत नाही. ते गावचे होते, जातीनं वरचे होते, पंचांग सांगणाऱ्यांच्या आणि कुलकर्ण्यांच्या नात्यातले होते. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ मध्ये, आणि त्यांचा रोख परक्या सावकारावर थांबत नाही. ते पुस्तक मी कॉलेजात वाचलं होतं. आपल्या घरची वही पुढ्यात घेऊन वाचलं तेव्हा ते वेगळं वाटलं.

आत्या आता नाही. ती असती तर तिला हे सांगितलं असतं का, याचं उत्तर मी स्वतःला दिलं आहे: सांगितलं असतं.

*

दंग्यानंतर पुढच्याच वर्षी दुष्काळ आला, १८७६ ते ७८ चा. रोजकिर्दीत त्या काळातली एक नोंद ‘धर्मादाय, ज्वारी वाटली, रुपये ११’ अशी आहे. ती मी झाकून ठेवणार नाही; दारात आलेल्यांना त्या माणसानं धान्य दिलं. त्याच दुष्काळात, शके १८०० मध्ये, सहा एकरांची मुदत भरली. फेडायला कुणाकडे काय होतं? जमीन कायमची आमची झाली. खतावणीत त्या कुळाचं कर्जखातं बंद होतं आणि पुढच्याच पानावर त्याच नावानं दुसरं उघडतं, खंडाचं. काल जो धनी होता तो आज त्याच रानात आमच्या वतीनं नांगर धरत होता.

पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. कर्जाचा हिशेब मुळापासून उघडून पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं थांबलं, नोंदवलेल्या खताची मुदत बारा वर्षं झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे या कायद्याच्या अंमलावर देखरेख करण्याच्या कामावर बरीच वर्षं होते. आमच्या वहीत त्याचा परिणाम लगेच दिसतो. खतं कमी होतात, आणि त्यांच्या जागी उघड खरेदीखतं येतात. हिशेब उघडायला लावणाऱ्या कायद्याला सावकारांनी शोधलेली ती पळवाट होती. शके १८१४ नंतर वही कोरी आहे.

*

मोडी येते म्हणून मी गावात थोडा माहीत झालो होतो. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांची घरं लोक शोधू लागले. गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखतं, जे मिळेल ते घेऊन माणसं यायची. मी वाचून द्यायचो. एक दिवस एक तरुण आपल्या आजोबांना, नानांना, घेऊन आला. गाव ऐकलं, आडनाव ऐकलं, आणि मी उठून कपाटातली खतावणी काढली.

मधल्या काळात मी दुसरं टोकही जुळवून ठेवलं होतं. १९५७ साली १ एप्रिलला कसेल त्याची जमीन झाली. बत्तीस-ग खाली किंमत ठरली, साऱ्याच्या वीस ते दोनशे पटींत ती बसवायची होती. पैसे भरल्यावर कुळाला बत्तीस-म चा दाखला मिळाला. त्या फेरफारांची नक्कल वडिलांच्या कागदांत होती. पुढं एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे ताडून पाहायला वेळ लागला. पण कसर राहिली नाही. वडिलांना ज्या बारा एकरांचं दुःख होतं, त्यातले सहा एकर तेच होते. बोराचं झाड त्याच बांधावर होतं.

हे सगळं मी नानांना सांगितलं. आकडे एकेक करून वाचून दाखवले. साठ, ऐंशी, एकशेवीस. नातू फोनवर हिशेब करत होता. नाना बराच वेळ वहीकडे पाहत राहिले.

“आमची म्हातारी म्हनायची,” ते म्हणाले, “हे रान मुळात आपलंच हुतं. आमाला वाटायचं, कायद्यानं मिळालं म्हनून म्हनती.”

मग त्यांनी विचारलं, “सही कुनाची हाय?”

मी नोंदणीची नक्कल पुढं केली आणि नांगरावर बोट ठेवलं. त्यांनीही ठेवलं.

मी माफी मागितली. माझ्या खापरपणजोबांच्या वतीनं मला तसा अधिकार होता की नाही कोण जाणे, पण मी मागितली. नाना म्हणाले, “तुमी वाचून दावलं, हे लई झालं.” मग नातवाला म्हणाले, “यांना पानी पाज की रं, आपलं घर समजून,” आणि माझ्याच घरात त्या पोरानं मला पाणी आणून दिलं.

आपल्या भाषेत कूळ म्हणजे कर्जदार, कूळ म्हणजे जमीन कसणारा, आणि कूळ म्हणजे घराणंही. मी माझ्या कुळाचा शोध घ्यायला निघालो होतो. खापरपणजोबांबद्दल मला जे काही कळलं, ते कुलवृत्तान्तातल्या दीड ओळीत नव्हतं. ते एकशे सत्तेचाळीस कुळांच्या पानांत होतं. त्यातल्या तेहतीस घरांपर्यंत मी आजवर पोचलो आहे. प्रत्येक घरी त्या त्या पानाची छायाप्रत आणि बाळबोध लिप्यंतर देऊन आलो. काही ठिकाणी चहा मिळाला, दोन ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. तेही मला मान्य आहे.

 दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर लाल कापडातलं एखादं बाड दिसलं, तर ते रद्दीत घालू नका. शोधलीत तर मोडी वाचणारी माणसं सापडतात. त्यांच्याकडून ते वाचून घ्या. आणि त्यात ज्यांची नावं निघतील त्यांच्या गावी जाऊन त्यांची पानं त्यांना द्या. ती वही तुमच्या घरात राहिली असली, तरी लिहिलेली त्यांच्याबद्दल आहे.